डावीकडचा ढीग

दारखानमध्ये उणे तीस.
बाबांचा कोळशाचा ट्रक दारात गोठलेला,
म्हणून आज परीक्षक तेच.

इंग्रजी अक्षर त्यांना येत नाही,
कार्ड कधी उलटंही धरतात.
मी अर्थ सांगते, ते माझा चेहरा बघतात.
अडखळले नाही तर कार्ड डावीकडे,
पाठ झालेल्यांत.

तीनशे बारावा : प्रिव्हॅरिकेट.
आठवेना.
"विहीर खणणे," ठोकून दिलं मी,
न अडखळता.

बाबांनी खारट चहा ओतला.
कार्ड डावीकडे गेलं नाही,
उजवीकडेही नाही.
"पुढचा, सार्नाई."

झोपताना शब्दकोश उघडला :
सत्याला बगल देणे.

पहाटे टाकीखाली जाळ करून
त्यांनी ट्रक सुरू केला.
समोरच्या काचेच्या कोपऱ्यात
ते कार्ड खोचलेलं,
उलटंच.