हशील

अकरा रुपयांना सुटला छटाक.
पितळेचा, माथ्यावरचा शिक्का बोटांनी झिजलेला.
माझ्या पेटीत शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक,
आणि त्यांच्या शेजारी एक रिकामा खण,
वखारीचं दार बंद झालं त्या सालापासूनचा.
शेवटच्या मिनिटाला कुणी बोली चढवली नाही.
मी फोन उपडा ठेवला, चहा मागितला.

सुलटा केला तर खाली बारीक अक्षरात
टपालहशील: राज्यात नव्वद,
राज्याबाहेर दोनशे चाळीस.

विकणारा कागलचा. मी निपाणीचा.
यमगर्णीला वेदगंगा, कोगनोळीचा नाका,
मग दूधगंगा, की आलंच कागल.
अक्काताईची धाकटी बहीण तिथं दिलीय,
इथं फोडणी घातलेली आमटी
डब्यातनं तिथं कोमट पोचते.
भंडाऱ्याला मात्र नव्वदात गेला असता हा छटाक,
अख्खा महाराष्ट्र आडवा चालून.

अक्काताई म्हणाली, अकराच्या वजनापायी
एवढी डोकेफोड? हशील काय?
मी म्हणालो, दोनशे चाळीस.

आठव्या दिवशी रायगोंडा पोस्टमन पुडकं घेऊन दारात.
"येन्री अण्णा, सोनं मागवलं काय?"
तिकिटं मोजली. चष्मा पुसून परत मोजली.
एक्केचाळीस.
म्हणजे एका नदीत शंभर पडले
आणि दुसरीत नव्व्याण्णव.

एकतीस वर्षं तोलार होतो मी.
बारदान वजा केल्याशिवाय
आकडा तोंडातनं काढला नाही कधी.
उभ्या उभ्या मनात चिठ्ठी लिहायला घेतली:
नदाफसाहेब, माल छटाकभर आणि बारदान पाच शेर,
हा कुठल्या पेठेचा रिवाज?

मग सुतळी सोडली.
आत बिस्किटाचा पुठ्ठा, कोपरे शिवलेले.
त्यात पोराच्या वहीचा कागद, पाढे तेराचे,
एका ठिकाणी चुकलेले.
त्याच्या आत कापूस.
दुकानातल्या गुंडाळीचा नव्हे, पिंजलेला,
हात लावला तर बोट बुडेल असा,
आणि मधोमध छटाक, कुशीत घेतल्यासारखा.
"घासला नाही. जुना रंग तुमचा तुम्ही ठेवा."
एवढीच ओळ, खाली सही.

आता हा कापूस कशात धरायचा?
आणि सुई? आणि पोस्टातली रांग,
त्या दिवशी गिऱ्हाईक परत गेलं असेल तर ते?

चिठ्ठी तिथंच थांबली.

कारण मला बोद आठवले.
तंबाखूचा बोद काट्यावर चढायचा,
मालक मागनं म्हणायचे, बारदान दोन किलो धर.
बारदान भरायचं दीड.
मी खणखणीत आवाजात दोन पुकारायचो.
समोरचा अक्कोळचा माणूस काट्याकडं बघायचा,
मग माझ्याकडं, मग बिडी पेटवायचा.
आकडा तोंडातनं काढला नाही म्हणालो मघाशी.
काढला. दिवसाला साठ बोद, अर्धा किलो दर बोदामागं.
हा हिशोब मी कुठल्या वहीत मांडलेला नाही.

नदाफांनी जास्त घेतले, हे खरंच आहे.
कापूस धरूनही जास्त.
तेवढं मी त्यांना लिहिलं, साध्या शब्दांत,
आणि कापूस फार चांगला आहे, हेही.
अजून उत्तर नाही.

परवा माझ्याकडचा जादा नवटाक बोलीला लावला.
फोनवर दोन चौकोन आले, राज्यात आणि राज्याबाहेर,
आत रेघ लुकलुकत होती,
थांबायच्या आधीचा काटा असतो तशी.
पुडकं बांधून तोललं. चिकटपट्टी धरली,
बसस्टँडपर्यंतची रिक्षा धरली, मग खोडली,
मला चालायला सांगितलंयच डॉक्टरांनी.
अक्काताई म्हणाली, अर्धा दिवस तुमचा?
तोही थोडा धरला.

दोन्ही चौकोनांत एकच आकडा घातला.
बारदान धरलं.
दीडाचं दीडच.