आवाज बंद करून

माझं दुकान शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाला.
टीव्ही दुरुस्त करतो. म्हणजे करायचो.
आता पडदा गेला की लोक नवा आणतात,
माझ्याकडे येतात ते रिमोटच्या बटणांसाठी.

यमुनक्का मात्र त्या जुन्या पेटीसाठीच यायची
वडगावातून, रिक्षात पेटी मांडीवर घेऊन,
ताप आलेल्या पोरासारखी.
'बघ की रे तम्मा, ह्याला काय होऊलंय.'

ही तीच, हे मला कितीतरी दिवस कळलं नाही.

'नाक्यापलीकडे' लागायचं रविवारी साडेदहाला.
घोडे, बंदुका, खडकांआड दरोडेखोर,
उजाड माळावर एकच खाणावळ
आणि दारात केशर, कमरेला हात लावून.
फौजदार यायचा, टोपी टेबलावर ठेवायचा.
एकशे चार भागांत त्यानं फक्त चहा मागितला,
तिला मागितलं नाही.
अख्खी गल्ली त्याच्यावर चिडून होती.

पाटीवर यायचं : यामिनी.
तारिहाळकर पाटीत मावत नाही, म्हणाले होते.

बाप खड्डामागावर, आई कांड्या भरायची,
आणि ही कॅम्पातल्या दस्तगीर टांगेवाल्याकडून
घोडा शिकली, टांगा सोडल्यावर, रेसकोर्समागच्या माळावर.
फी म्हणून त्याच्या लेकीच्या लग्नाला
बापाच्या मागावरचं एक लुगडं. बापाला न विचारता.

मुंबईत पहिल्या दिवशी फौजदाराला म्हणाली,
'कुठं जाऊलैस?'
सगळा सेट हसला.
घोडापण हसला, असं तीच सांगायची.
चेहरा चालेल, म्हणाले, बोलणं नको.
मग काचेच्या खोलीत बसून
पुण्याची एक बाई दोन वर्षं तिच्या तोंडात बोलली.

एकसष्टाव्या भागात घोडा बुजला.
डाव्या खांद्याचं हाड मोडलं, तोच शॉट ठेवला.
'पडलेली मी,' यमुनक्का सांगायची,
'किंचाळलेली ती.'

एकदा कुठल्याशा समारंभात दोघी समोरासमोर आल्या.
त्या बाईनं विचारलं, आपण कोण?
ही म्हणाली, 'तुमचं तोंड.'

पुढं दोन सिनेमांत हिरोची आई,
एक साबणाची जाहिरात, त्यात नुसते हात.
मग वडगाव.
रेशनकार्डावर कन्नडात यमुनव्वा,
मतदार यादीत यमुनाबाई, वय चुकलेलं.
यामिनी कुठल्याच कागदावर नाही.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून कुणा जुन्या माणसानं
तिला एक डिस्क पाठवली, अकरा भागांची.
शटर अर्धं ओढायच्या वेळेला ती पेटी घेऊन आली.
मी वायरी जोडल्या. माळ दिसला, धूळ दिसली,
दारात ती, बावीस वर्षांची.
'आवाज बंद कर,' म्हणाली.

केला.

फौजदारानं टोपी ठेवली. ओठ हलले.
आणि माझ्या दुकानात, उघड्या पडलेल्या सर्किटांमध्ये,
सोल्डरिंगच्या वासात,
पदर खोचून उभी राहून यमुनक्का बोलली,
'बस की. उन्हातनं आलास. च्या टाकू काय?
तुझा घोडा तेवढा सावलीला बांध, त्याचं काय पाप?
आणि परत कवा येऊलैस ते सांगून जा बा एकदा.
मी काय जन्मभर दारात उभी राहू?'

एकही शब्द मागंपुढं झाला नाही.
पडद्यावरचे ओठ नि हे बोलणं
जोडावर जोड बसावा तसं बसलं.
तिकडं फौजदार खाली बघत होता.
मला क्षणभर वाटलं, ऐकलं यानं.

मग जाहिरात लागावी तशी ती थांबली,
पदर सोडला, पाकीट काढलं.
'किती झालं?'

पेटीला काही झालंच नव्हतं.
पन्नास रुपये घेतले. न घेते तर रागावली असती.