एकशे एकवीस अंश

मळी येते बारामतीहून, निळ्या पिंपांतून.
झाकण उघडलं की आधी गूळ, मग करपलेला गूळ,
मग चरख्यामागची ओली चिपाडं.
त्यात मक्याचं आंबट पाणी, मापात मॅग्नेशियम,
आणि यीस्टचा अर्क. हो, यीस्टलाच यीस्ट भरवतो आम्ही.
हिल्डा किणी म्हणायची,
"वाडवडलांना खाऊनच वाढतं रे सगळं."

भांडुपला, डोंगराच्या अंगाला,
बंद पडलेल्या रंगकारखान्याच्या शेडमध्ये
उभी आहे आमची टाकी, दोन हजार लिटरची.
पोटात तीन पंखे, अंगावर पाण्याचं जाकीट,
वीतभर काचेचा डोळा.
आकडे सगळे पडद्यावर दिसतात,
तरी दर तासाला हात लावून बघायची सवय हिल्डाची.
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा,
मनगटाच्या मागच्या बाजूने.

तिची आई कांजूर गावठाणात
लग्नाच्या फुग्यांचं पीठ ताडीवर फुगवायची.
ना मीटर, ना वाफ.
ऊन ओट्यावर कुठवर आलंय ते बघायचं
आणि परातीवर ओलं फडकं.

प्लेटमध्ये आम्ही थिजवतो ते चायना ग्रासच.
खैरुन्निसाचाची ईदला ज्याच्या दुधी वड्या पाठवायची.
आता त्यावर मी ठिपके मोजतो.
एक ठिपका म्हणजे एकटा आलेला एक जीव
आणि रात्रीत वसलेलं त्याचं गाव.

बॅच एक्केचाळीस. तिसरी रात्र. दोन चाळीस.
टाकीतला ऑक्सिजन एकाएकी खाली आला.
म्हटलं, प्रोब बिघडला.
यंत्रावर ढकलायला काय जातं!
मग नमुना काढला, काचपट्टीवर थेंब ठेवला.
यीस्टचे गोलसर दाणे, कळ्या फुटलेले, सुखी.
आणि त्यांच्यामधून काड्या.
बारीक, वळवळत्या, जोडीजोडीने.

त्यांचा काय गुन्हा?
गोड होतं, ऊब होती, दाराला फट होती.
या शहरात कोण याहून वेगळ्या कारणाने आलं?

तळपदेसाहेब झोपेतून म्हणाले, "मारून टाक."

वाफेचा कॉक मी दोन्ही हातांनी फिरवला.
साठ. ऐंशी. पाईप खणखणले.
शंभर. काचेचा डोळा पांढरा झाला.
एकशे एकवीसवर काटा थांबला
आणि अडुसष्ट तास जपलेलं सगळं,
आपलं आणि परकं,
एकाच वाफेत शिजत राहिलं.

तेव्हा तो वास सुटला.
पावाचा. ताज्या, भट्टीतल्या पावाचा.
गेटवरचा पारसनाथ धावत आला,
"भाऊ, आज बेकरी काढली काय?"
मला त्याच्याकडे बघवेना.
भूक लागली होती, हे सांगवेना.

सकाळी व्हॉल्व्ह खोलला.
रबराची चकती, चाळीस रुपयांची, नखभर चिरलेली.
सोमवारी मीच बसवली होती, जुनीच.
नवी मागवायची चिठ्ठी खिशात होती.
पँट धुऊन आली तेव्हा तिचा कापूस झाला होता.

लॉगबुकात 'कारण' असा एक रकाना असतो.
लिहिलं, चकती.
पेन उचललं.
परत टेकवलं, आणि पुढे माझं नाव लिहिलं.

शेकरवर पुढच्या बॅचचा फ्लास्क गोल गोल फिरत होता,
कुणी काही सांगितलंच नसल्यासारखा.
कागदावर त्याला इनॉक्युलम म्हणतात.
हिल्डा विरजण म्हणायची.
"घातलं तरी विरजण, पडलं तरी विरजण.
हातावर आहे रे."

आठ वाजता तिला फोन लावला.
मार्चमध्ये रिटायर झाली, तरी सगळं ऐकून घेतलं,
मध्ये एकदाही हं म्हटलं नाही.
मग विचारलं, "नवी चकती आणलीस?"
"आणली."
"मग ठेव फोन. भाचीचं लग्न आहे,
माझं पीठ परातीबाहेर चाललंय."