तलवारी मोडल्या पाहिजेत

उद्यमबागेत दिवसभर लेथवर
पंपाचे शाफ्ट कातून काढतो मी,
रात्री अनगोळच्या खोलीत
फोनवर लोहार होतो.

तिथं वेशीपाशी दुकान आहे माझं.
तलवार तीनशे मोहरांना.
समोर गोकाकचा कुणी शिवलिंग
(तोंड बघितलेलं नाही अजून)
दोनशे नव्याण्णवला लावतो.
मी अठ्ठ्याण्णव. तो पंच्याण्णव.
पहाटेपर्यंत दोघंही
लोखंडाच्या भावाखाली.

मग एका बुधवारी खेळ चालवणाऱ्यांनी नियम बदलला :
शंभर घाव झाले की तलवार मोडणार.
योद्धे शिव्या देत बसले.
आमच्या दाराशी रांग.

शिवलिंगनं लिहिलं, "चलो आतु!"
मी म्हटलं, "खरं कोळसा महागला की."
ठरलं मग, त्यानं पाती ठोकायची,
मी मुठी बसवायच्या.

सकाळी शेठनी टेबलावर
एक जुना शाफ्ट आपटला.
"असाच पायजे."
टोकाला बाबांचा पंच, म. ना.,
अर्धा पुसलेला.
इतका नेटका केला होता त्यांनी
की गिऱ्हाईक बावीस वर्षं
फिरकलंच नव्हतं.

मी कॅलिपर उघडला.
बराच वेळ माप वाचलं नाही.