अडीच किलो

सावळजच्या पुढच्या उपकेंद्रात, दोन वर्षांच्या वहीत
एकशे बेचाळीस बाळं.
त्यातली त्र्याण्णव अडीच किलोची.
दहा ग्रॅम इकडे नाही, दहा ग्रॅम तिकडे नाही,
जणू कुणी साचा घेऊन बसलंय
आणि विटा पाडतंय.

सांगलीच्या ऑफिसात मी आलेख काढला.
अडीचवर एकच सुळका,
आणि त्याच्या डावीकडे उतार नाही, कडा.
सर म्हणाले, जाऊन बघ,
ह्या कड्यावरून कोण कोण खाली गेलंय.

ऐवळे सिस्टरांनी चहा मागवला. कप रिकामा होईतो गप्प.
मग म्हणाल्या, अडीचच्या खाली लिहिलं ना मॅडम,
की लाल शाई, फोन, बैठकीत उभं करतात.
गाडी मागवा. ती येत नाही.
का आली नाही, तेही आम्हीच लिहा.
अडीच लिहिलं की बाळ ठणठणीत
आणि मी पण.
काटा? आहे की.
कपाटातून काढला. सेल फुटून हिरवट पाझरलेले.
मार्चमध्ये मागणी केलीय, नोंद दाखवू?
दाखवा म्हटलं.
होती. सुवाच्य अक्षरात.

ऋतुजा कोळेकर, वय बावीस, बाळंत होऊन सहावा दिवस.
वजन, ग्रॅममध्ये. माहीत नसल्यास नऊ नऊ नऊ आठ.
ती म्हणाली, कार्डावर अडीच हाय.
चुलीपाशी बसलेली सासू, बायाक्का, वळलीसुद्धा नाही.
अडीच कुठलं? दोन शेराच्या जरा वर.
ह्या हातांनी गावातली निम्मी पोरं झेललीत,
हाताला कळतंय की ओ.
मी पेन थांबवलं.
हाताचा रकाना नव्हता.

रस्त्यापलीकडे बेदाण्याचं शेड.
हिरवा, पिवळा, काळा वेगळा करणाऱ्या बायका,
पंधरा किलोचे बॉक्स,
आणि काटा असा की चिमूट जास्त पडली तरी आकडा हलतो.
तासगावच्या सौद्यात शंभर ग्रॅमवरून
माणसं एकमेकांची गचांडी धरतात, म्हणून.

आशाताई शबाना मुलाणी पुढे, मी मागे,
पदराखाली बाळ घेऊन ऋतुजा, तिच्या डोक्याला स्कार्फ,
सगळ्यात शेवटी बायाक्का, न बोलावता.
मालकानं काटा पुसला. दोनदा.
दुपटं ठेवून शून्य केलं,
मग बाळ.
आकडा ठरेना, कारण बाळ ठरेना.
बायका चिकट हात हवेत धरून उभ्या.

एक आठशे नव्वद.

मालक सवयीनं म्हणाला, वरचे नव्वद सोडा,
आणि जीभ चावली.

शबानानं बाळाचं झबलं काढलं,
तिथंच, बॉक्सांच्या आडोशाला,
आईच्या उघड्या छातीवर त्याला पालथं ठेवलं,
वरून ओढणी घट्ट बांधली, शाल, स्कार्फसुद्धा.
पाय गार पडलेत म्हणाली, आता कढईतून काढल्यासारखी होतील बघ.
गाडी कवठ्याला गेलेली.
माल भरलेला टेम्पो तासगावला निघालाच होता.

मी लिहिलं, एक हजार आठशे नव्वद.
पुढचा प्रश्न, वजन कोणत्या काट्यावर केले?
स्प्रिंगचा, डिजिटल, इतर.
इतर असल्यास तपशील.
लिहिलं, बेदाणा.

आलेखात कड्याच्या पायथ्याशी एक ठिपका आला.
ठिपक्याला नाव द्यायचं नसतं, तसा नियमच आहे.
तो ड्रायव्हरशेजारी बसून गेला,
आईच्या गळ्याखाली थोडासा फुगवटा,
वळणापर्यंत दिसत होता.

उपकेंद्राच्या वहीत अजून ब्याण्णव.
बायाक्का चपला शोधत होती.
तिला विचारलं,
पुढच्या घरी येता का?