टाचेतली काच

सेतुबालच्या मासळीबाजारात
देओलिंदा एकतीस वर्षं उभी आहे
ओल्या फरशीवर, झिजल्या रबरी बुटांत.

पहाटे चारला पलंगावरून पाय टेकला
की टाचेत काच.
दहाएक पावलांत विरघळते,
म्हणून वर्षभर कुणाला बोलली नाही.

एक्स-रेत काटा दिसला हाडाचा.
"काढून टाका," ती म्हणाली.
जन्मभर काटेच काढलेले.
डॉक्टरीण हसली : काट्याचा दोष नाही, बाई.
तळव्याचा पट्टा शिणलाय ताणून ताणून.
पोटरी सैल करा. बूट बदला. बर्फ लावा.
महिने लागतील.

बर्फ!

आता गिऱ्हाईक नसलं की
टेबलाखाली बूट काढून
ती गोठलेला बांगडा तळव्याखाली लाटते,
पुढे, मागे.

तो बांगडा विकत नाही ती.
अजून तरी.