पट्टा पुण्याहून यायचाय

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
मिक्सर, अँप्लिफायर, मंडळांचे जळके भोंगे.
सातपुते बाईंनी रिक्षातून रेकॉर्ड प्लेअर आणला
चादरीत गुंडाळून, तापातलं माणूस आणावं तसा.
"पपांचा आहे. फिरतो, पण दमतो."
झाकण काढलं. आत रबरी पट्टा सैल,
चपलेचा अंगठा सुटावा तसा.
म्हणालो, पट्टा पुण्याहून यायचाय. आठवडा धरा.

पट्टा चौथ्या दिवशी आला.

तबकडी आतच राहिलेली. कव्हर नाही,
लेबल खरवडलेलं.
गारगोटीची शेवटची गाडी स्टँडातून गेली,
मी शटर अर्धं ओढलं
आणि सुई टेकवली, फक्त तपासायला.

कुणीतरी ड्रमवर काठी नाही, कुंचा फिरवत होतं.
आई सुपात नाचणी पाखडायची, तसं.
मी हलगीत वाढलेला माणूस.
हलगी पाठीत गुद्दा घालते, म्हणते चल.
हा ताल चालेचना. उंबऱ्यावर उभा,
चप्पल काढू का नको, अशा बेतात.

मग सॅक्सोफोन.
आमच्या बँडवाल्या दिलावरकडे आहे तसलाच असणार, पितळी,
पण दिलावर फुंकतो तो अख्ख्या चौकासाठी.
इथं एकाच कानासाठी चाललं होतं.
मध्येमध्ये वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा.
खरं सांगू, मी त्या श्वासासाठीच आवाज वाढवला.

आणि ती गाणारी बाई.
शब्द तालाच्या मागून यायचा, मुद्दाम,
रंकाळ्यावर फिरताना एखादी दोन पावलं रेंगाळते ना,
आपण वळून बघावं म्हणून.
इंग्रजीत मला दहावीला पस्तीस.
एक शब्द तेवढा कळला: स्टे.
स्टे मला कोर्टातला माहीत, भावकीच्या जागेवर आलेला,
अकरा वर्षं उठला नाही.
हा स्टे वेगळा असावा.
तिथंच सुई अडकायची.
स्टे, स्टे, स्टे.
आठाण्याचं नाणं ठेवलं असतं तर सरकली असती.
नाही ठेवलं.

"आला का पट्टा?" बाईंचा फोन.
नाही हो, खंबाटकीत गाडी अडकलीय.
"आला का?"
आला, पण मापात बसेना.
सतरा रात्री.

अठराव्या दिवशी त्या शाळेतनं थेट आल्या,
बाहीवर खडूची भुकटी.
लावून दाखवलं. दोघं उभ्यानं ऐकत होतो,
मी पक्कड धरून, त्या पर्स धरून.
सुई अडकली. मी हात पुढं केला.
"राहू दे," त्या म्हणाल्या, "पपा लगेच ढकलायचे बोटानं."
बिल दोनशे चाळीस. सुटे नव्हते.
दहा रुपये राहिले त्यांचे माझ्याकडे.

त्या रात्री दुकानात नुसता पंखा.
लांब उद्यमनगरात कुठंतरी रात्रपाळीचा घण.
मी सोल्डरिंग गनवर बोटांनी कुंचा फिरवून बघितला.
भाजलं.

शुक्रवारी पुन्हा रिक्षा. तीच चादर.
"आता फिरतच नाही."
उघडला. मोटरची एक वायर सुटलेली.
जळली नव्हती, उंदरानं कुरतडली नव्हती.
काढली होती. टोक सरळ कापलेलं,
आणि तिचं वेटोळं पेन्सिलीभोवती गुंडाळावं तसं,
नीट, शाळेतल्या बाईंच्या हातचं.
वर बघितलं.
त्या भिंतीवरचं मिक्सरचं दरपत्रक वाचत होत्या,
खालून वर.

गन तापलेलीच होती. एका मिनिटाचं काम.
बटण बंद केलं.
पार्ट मागवावा लागेल, म्हणालो.
"पुण्याहून?"
यावेळी मुंबईहून. वेळ लागतो.
"मग मीच येत जाईन विचारायला.
फोनवर नीट ऐकू येत नाही.
किती वाजेपर्यंत उघडं असतं?
बोर्डावर तर नऊ लिहिलंय."

बोर्ड जुना आहे, म्हणालो.